१८९२ साली पलटणीचे दार बंद झाले नसते तर...



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत फौजफाट्याची गोष्ट कशाला, असे काही उपासक-उपासिका विचारतील. पंचशीलातले पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे, मग हा विषय इथे शोभतो का? शंका रास्त आहे. पण आपल्या समाजाच्या हातात पहिली पाटी कुठून आली, याचा माग काढत गेलं की वाट पलटणीतल्या शाळेत जाऊन पोहोचते. गावच्या शाळेत नाही, देवळात तर नाहीच. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. त्याच महूला १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. रामजीबाबांचे वडील मालोजी हेही फौजेतलेच. कंपनीच्या फौजेत शिपायांच्या मुलांना, आणि मुलींनासुद्धा, शिकवायची सोय होती. गावात ज्यांच्या सावलीचा विटाळ मानत त्यांची लेकरं तिथे धुळाक्षरे गिरवत होती. म्हणून ही गोष्ट विहारात सांगायची.

आता मुद्द्याकडे येतो. बाबासाहेब जेमतेम वर्ष-दीड वर्षाचे असतील, त्याच सुमारास, १८९२ च्या आसपास, इंग्रज सरकारने महारांची सैन्यात भरती बंद केली. पुढे बावीस वर्षांनी, १९१४ साली पहिले महायुद्ध पेटलं आणि त्याच इंग्रजांना माणूस कमी पडायला लागला. राखीव फौज अपुरी, जी आहे ती म्हातारी. तेव्हा मनात येतंच की, ते दार बंद झालं नसतं तर? इंग्रजांचं काय झालं असतं, आणि आपलं काय झालं असतं? इतिहासात जर-तरला किंमत नाही असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. जर-तरचा हिशोब मांडला म्हणजे नुकसान किती झालं हे तरी आकड्यात दिसतं.

आधी राखीव फौज म्हणजे काय ते सांगतो. आपल्या भागात जळगाव, चाळीसगाव, अमळनेर, धुळे इथल्या गिरण्यांत ज्यांचे आजे-वडील राबले त्यांना बदली कामगार म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. मी स्वतः गिरणीतच आयुष्य काढलेला माणूस आहे. कायम कामगार गैरहजर असला की गेटवर उभ्या असलेल्या बदलीला आत घेतात. साचा बंद राहून चालत नाही. राखीव फौज तशीच. शिपायाने काही वर्षं पलटणीत नोकरी करायची, मग घरी जायचं, शेतीवाडी करायची. सरकार त्याला महिन्याला थोडका भत्ता देणार, ठराविक काळाने कवायतीला बोलावणार आणि लढाई लागली की तो परत पलटणीत हजर. हिंदुस्थानी फौजेत ही पद्धत १८८६ साली सुरू झाली. पण बदलीचा उपयोग कधी होतो? त्याला ते काम येत असेल, त्याच्या अंगात जोर असेल, आणि मुख्य म्हणजे त्याला त्या खात्यात शिरू देत असतील तर. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचे खात्यात घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल! पगार मात्र त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला होता. फौजेत जे झालं ते याच जातीचं होतं.

दार कुणी बंद केलं, तर एका माणसाचं नाव घ्यावं लागतं. लॉर्ड रॉबर्ट्स हे १८८५ ते १८९३ हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती होते. त्यांचं ठाम मत असं की, उत्तरेकडचे शीख, गुरखे, पठाण, पंजाबी मुसलमान हेच खरे लढवय्ये. मुंबई-मद्रासकडची माणसं शांततेत राहून मऊ पडली. यालाच लढाऊ जातींचा सिद्धांत म्हणतात. एकट्या रॉबर्ट्ससाहेबांनी सगळं केलं असं मी म्हणत नाही. १८५७ नंतर वरच्या जातीच्या शिपायांची मर्जी राखण्याचं धोरणही त्यात होतं, आणि अस्पृश्याबरोबर एका रांगेत उभं राहायला नाखूष असणारे आपलेच देशबांधवही होते. पण त्यांच्या कारकिर्दीत हा विचार फौजेत पक्का बसला आणि त्याचा घाव आपल्यावर पडला.

गंमत म्हणा की दैवदुर्विलास म्हणा, हेच रॉबर्ट्ससाहेब विलायतेला परत गेल्यावर म्हातारपणी गावोगाव भाषणं देत फिरले. विषय कोणता? तर इंग्लंडची फौज लहान आहे, राखीव माणूस नाही, जर्मनीशी गाठ पडली तर धडगत नाही, म्हणून प्रत्येक तरुणाला सक्तीने लष्करी शिक्षण द्या. १९०५ पासून ते यासाठी काढलेल्या नॅशनल सर्व्हिस लीगचे अध्यक्ष होते. तिकडच्या सरकारने सक्ती मान्य केली नाही. युद्धमंत्री हाल्डेन यांनी १९०७-०८ च्या सुमारास स्वयंसेवकांची टेरिटोरियल फोर्स आणि स्पेशल रिझर्व्ह उभी केली, तेवढ्यावर भागवलं. १९१४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सला इंग्रजांची पहिली फौज गेली ती जेमतेम लाखाच्या आसपास. जर्मनीने उभी केलेली फौज कित्येक लाखांची.

रॉबर्ट्ससाहेबांचं ऐकलं असतं तर महायुद्ध टळलं असतं का, यावर तिकडचे अभ्यासक आजही वाद घालतात. मला विचाराल तर नुसती माणसं वाढवून टळलं नसतं. १९१५ साली इंग्रजांना तोफगोळे पुरेनात, त्यावरून मे महिन्यात मोठा गदारोळ झाला. माणसं दुप्पट असती तर बंदुका आणि गोळे कुठून आणले असते? सक्तीची भरती त्यांना शेवटी जानेवारी १९१६ मध्ये करावीच लागली. तो त्यांचा हिशोब, त्यांनी करावा. आपल्याला एवढंच बघायचं की, जो माणूस इंग्लंडमध्ये ‘माणूस कमी आहे’ म्हणून ओरडत होता, त्याच्याच विचाराने हिंदुस्थानात हजारो तयार माणसांना गेटबाहेर उभं ठेवलं होतं.

आता हिंदुस्थानच्या राखीव फौजेची अवस्था पहा. १९१४ साली तिचा आकडा सुमारे ३५,००० होता. अधिकाऱ्यांची राखीव यादी तर ४० नावांची! हजार नव्हे, चाळीस. हिंदी माणसाला राजाच्या सनदेचा अधिकारी होता येत नव्हतं, त्यामुळे गोरा अधिकारी पडला की त्याच्या जागी दुसरा गोराच शोधायचा. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस लाहोर आणि मीरत डिव्हिजनची माणसं फ्रान्समध्ये मार्सेल्स बंदरात उतरू लागली आणि ऑक्टोबरमध्ये थेट खंदकात गेली. पहिल्या काही आठवड्यांतच पलटणी निम्म्या झाल्या. मग राखीव शिपाई बोलावले तर त्यांतले पुष्कळ वय झालेले, दात पडलेले, कित्येक वर्षांत बंदूक हातात न धरलेले निघाले. अनेकांना नापास करून मागे पाठवावं लागलं.

यात आणखी एक गोम होती. पलटणी जातवार बांधलेल्या होत्या. अमुक कंपनीत शीखच, तमुक कंपनीत डोगराच. एका पलटणीतली माणसं संपली तर शेजारच्या जातीची माणसं त्यात भरता येत नव्हती, आणि भरली तर कारभार बिघडायचा. आपली वर्णव्यवस्था इंग्रजांनी लष्करात कातीव दगडासारखी बसवली आणि शेवटी त्याच दगडाला ठेचकाळले.

लॉर्ड रॉबर्ट्स स्वतः नोव्हेंबर १९१४ मध्ये, वय ८२, या हिंदी फौजेला भेटायला फ्रान्सला गेले. तिथे न्यूमोनिया होऊन १४ नोव्हेंबरला सेंट ओमेर गावी वारले. माणूस म्हणून त्यांच्याबद्दल वाईट लिहायचं नाही, शिपायांवर त्यांची माया होती असं सगळेच सांगतात. पण ती माया कुणावर करायची हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं.

इकडे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जुन्या मुंबई फौजेच्या पलटणी लढत होत्या. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी मराठा पलटण जनरल टाउनशेंडबरोबर कूत-अल-अमारा इथे डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकल्या. उपासमारीने हैराण होऊन २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या हाती कैद झाली. त्यातले कितीतरी वाटेतच, वाळवंटात आणि कैदेत मेले. आपल्या मराठी मुलखातल्या शेतकऱ्यांची ती पोरं होती. त्यांच्याबद्दल दुजाभाव कशाला? दुःख सारखंच. याच मुंबई फौजेत पूर्वी त्यांच्या पणजोबांच्या बरोबरीने आपलेही पणजोबा उभे असत. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या ४९ शिपायांची नावं आहेत, त्यातली २२ ‘नाक’ने संपतात. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले होते. हे आपल्या लहान पोरालाही पाठ आहे, पुन्हा विस्तार करत नाही. १८१८ सालीच आपला खानदेशही इंग्रजांकडे गेला, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसतं.

खानदेशचा विषय निघालाच आहे तर इथला एक दाखला देतो, तो फार बोलका आहे. आपल्या भडगावपासून धरणगाव काही लांब नाही. तिथे १८२५ साली जेम्स आउट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने खानदेश भिल्ल कोअर उभी केली. ज्या भिल्लांना सगळे दरोडेखोर म्हणत, ज्यांच्यावर सरकारने शिकारीसारख्या मोहिमा काढल्या, त्यांनाच बंदूक आणि पगार दिला, आणि तीच माणसं सातपुड्याच्या पायथ्याचा बंदोबस्त ठेवू लागली. पुढे त्या कोअरची गरज संपली तशी ती पोलिसात मिसळून टाकली. म्हणजे कोण लढवय्या आणि कोण नाही, हे रक्तावर ठरत नव्हतं, साहेबाच्या गरजेवर ठरत होतं. आमचे गिरणीतले जुने मुकादम म्हणायचे, माल तुंबला की बदली आठवतो, गोदाम भरलं की त्याचं कार्ड हरवतं.

आता माझा हिशोब. धरून चला की १८९२ ला बंदी झाली नाही आणि महारांच्या फक्त दोन पलटणी चालू राहिल्या. एका पलटणीत साधारण साडेसातशे शिपाई, म्हणजे पंधराशे. एक शिपाई सात वर्षं नोकरी करून राखीवमध्ये जातो असं माना. १८९२ ते १९१४ या बावीस वर्षांत अशा तीन फळ्या तयार होतात. एक पलटणीत, दोन घरी राखीव. म्हणजे महायुद्धाच्या दिवशी तीन हजार राखीव माणूस, तोही बहुतेक पस्तिशीच्या आतला. पस्तीस हजारांत तीन हजारांची भर. यांनी फ्रान्सची लढाई पालटली असती का? नाही. कूतचा वेढा उठला असता का? तेही सांगवत नाही. लढाईच्या बाजूने बघितलं तर या जर-तरचं उत्तर ‘फार फरक पडला नसता’ असंच आहे, आणि ते प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. नाहीतर आपण एका टोकाचे, ते दुसऱ्या टोकाचे.

पण हाच हिशोब घराच्या बाजूने मांडा. साडेचार हजार शिपाई म्हणजे साडेचार हजार घरं. दर घरी दोन पोरं पलटणीच्या शाळेत गेली असती तर नऊ हजार पोरं लिहायला-वाचायला शिकली असती, आणि तीही १९१४ च्या आधी. दर महिन्याला रोख पगार. नंतर भत्ता किंवा पेन्शन. रोख पैसा ज्याच्या घरात येतो त्याला येसकरकी करायला, मेलेली जनावरं ओढायला, भाकरीच्या तुकड्यासाठी पाटलाच्या दारात उभं राहायला गाव सहज भाग पाडू शकत नाही. महार वतन कायद्याने जायला आपल्याला १९५८ साल उजाडावं लागलं. हजारो घरं त्यातून दोन पिढ्या आधी बाहेर पडली असती. १८९२ ला बंद झालं ते या घरांचं दार, बंदूक गेली याचं मला तेवढं वाटत नाही.

तेव्हाच्या माणसांना हे पुरतं कळलं होतं. म्हणून तर पहिले अर्ज पेन्शनर शिपायांचे आहेत. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, महात्मा फुल्यांच्या विचारांचे, यांनी १८९४ साली दापोलीहून अनार्य दोष परिहारक मंडळीच्या नावाने विनंतीपत्र तयार केलं. रामजीबाबांनीही या बंदीविरुद्ध न्यायमूर्ती रानड्यांकडून अर्ज लिहून घेतला होता असं चरित्रकार सांगतात. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ काढला आणि १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे, लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज पाठवला की आम्हाला फौजेत आणि पोलिसात घ्या. उत्तर काय आलं? काही नाही. चार वर्षांनी महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते अर्ज कुठल्यातरी कपाटात होते.

इथे एक उलटा विचारही मांडतो, तो काही बंधूंना आवडणार नाही. भरती चालू राहिली असती तर कदाचित हे अर्ज झालेच नसते. पेन्शनर मंडळी आपापल्या पेन्शनीत सुखी राहिली असती. सभा, मासिक, मंडळ यांची सवय समाजाला लागली ती या अन्यायामुळेच. सरकारने अडवलं म्हणून माणूस लिहायला बसला. पण म्हणून बंदी चांगली झाली असं मी कधीच म्हणणार नाही. उपाशी ठेवल्याने माणूस हुशार होतो असं म्हणून कुणी पोरांना उपाशी ठेवत नाही.

शेवटी गरजेनेच दार उघडलं. युद्ध लांबलं, मारलेल्यांची संख्या वाढली, तेव्हा सरकारने पूर्वी न घेतलेले पंचाहत्तर नवे वर्ग भरतीसाठी काढले. लढाऊ जातींचा सगळा सिद्धांत मग कुठल्या कोपऱ्यात ठेवला कोण जाणे. जून १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. योगायोग पहा, त्याच उन्हाळ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. त्यांचं सामान, पुस्तकं वेगळ्या बोटीने निघाली होती, ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. आपल्या समाजाला महायुद्धाची अशीही झळ लागली.

१११ व्या पलटणीला फारशी लढाई दिसलीच नाही. उशीर इतका केला होता की, रंगरूट तयार होईपर्यंत युद्ध संपत आलं. १९२० साली तिला ७१ व्या पंजाबी पलटणीत मिसळलं आणि मार्च १९२१ मध्ये मोडून टाकलं. पुन्हा माणसं घरी. भत्ता नाही, राखीव यादीत नाव नाही. चार वर्षांपूर्वी तुम्ही लढवय्ये होता, आता नाही. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत या गावातून अमुक इतके इसम लढाईस गेले अशा दगडी पाट्या आहेत. पाटीवर आकडा राहिला, माणसाचं पुढे काय झालं ते पाटी सांगत नाही.

पुढे १९३९ ला दुसरं महायुद्ध. या वेळी फरक एवढाच होता की आपल्या बाजूने बोलायला बाबासाहेब होते. १९४१ च्या जुलैमध्ये ते सरकारच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले आणि महारांची स्वतंत्र पलटण हवी हा आग्रह त्यांनी धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, नंतर कामठीला दुसरी. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ साली तिला मशीनगन रेजिमेंट केलं, म्हणून १९२१ सारखं मोडणं या वेळी झालं नाही. पण आपलंच झालं म्हणून खूश होऊ नये. १९४३ साली उभी केलेली चमार रेजिमेंट ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढली आणि १९४६ ला मोडली गेली. आपल्या त्या भावांना १९२१ पुन्हा भोगावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर महार रेजिमेंट सर्व जातींची झाली, तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे या रेजिमेंटचे दोन अधिकारी देशाचे लष्करप्रमुख झाले. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ च्या श्रीलंकेतल्या कामगिरीसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ज्या मद्रासकडच्या माणसांना रॉबर्ट्ससाहेब मऊ म्हणत होते, त्याच बाजूचे परमेश्वरन.

आज आपल्या वस्तीतली पोरं पहाटे अंधारात पाचोरा रस्त्याला धावताना दिसतात. भरतीची तयारी. मी त्यांना अडवत नाही, उलट कौतुकच वाटतं. पण वर जो घराचा हिशोब मांडला त्यात खरी ताकद पेन्शनीची आणि शाळेची होती, हे विसरू नये. २०२२ साली अग्निपथ योजना आली तेव्हा ठरवलं गेलं की भरती चार वर्षांसाठी, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम राहणार, बाकीच्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळेल, पेन्शन नाही. म्हणजे चारातले तीन पंचविशीच्या आत-बाहेर घरी परत.

तेव्हा विहार समितीला एक विनंती करतो. जी पोरं चार वर्षांनी परत येतील त्यांचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी विहारात संध्याकाळची अभ्यासिका चालू करावी, आणि आलेली रक्कम लग्नात-मोटारसायकलीत न उडवता कुठे ठेवायची हे सांगायला बँकेतले आपले निवृत्त बंधू महिन्यातून एक रविवार बसावेत. हा विषय वर्षावासाच्या आधीच्या बैठकीत घेतला तर बरं होईल.

जयभीम! नमो बुद्धाय!